रेहोबोथची तहकूब सभा

१

दर गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला बेरिल ओल्डरॉइड रक्त तपासायला आरोग्य केंद्रात जायची आणि दर गुरुवारी तिला चिडायला काहीतरी नवं मिळायचं. कधी आपोआप सरकणाऱ्या दारात तिची छत्री अडकायची. कधी नर्स चाळीस मिनिटं उशिरा हाक मारायची. आणि त्या खुर्च्या! निळ्या, प्लास्टिकच्या, रांगेत एकमेकींना बोल्टने जखडलेल्या. एकाहत्तर वर्षांच्या बाईने आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायच्या, मग ते किती पातळ झालं हे बघायला दर आठवड्याला सुई टोचून घ्यायची, आणि वर अशा खुर्चीत ताटकळायचं, म्हणजे अतिच झालं. हे मत तिने काउंटरवरच्या नाझियाला निदान वीस वेळा ऐकवलं होतं.

"खुर्च्या मी नाही निवडल्या, मिस ओल्डरॉइड," नाझिया म्हणायची. "माझी याहून वाईट आहे. या, बसून बघा."

खरा राग खुर्च्यांचा नव्हता, जागेचा होता. आज जिथे हॉलिंडेनचं आरोग्य केंद्र आहे, तिथे १९७१ च्या ऑगस्टपर्यंत रेहोबोथ चॅपल होतं, आणि बेरिल त्या चॅपलची शेवटची चिटणीस. फ्लूच्या लशीची पत्रकं ठेवलेला लोखंडी स्टँड जिथे उभा होता, बरोबर तिथे पूर्वी प्रवचनाचा उंच ओटा होता. सर्दी-खोकल्याच्या त्या चित्रांकडे तोंड करून बसायला तिला मुळीच आवडायचं नाही. म्हणून ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसायची.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी ती तिथेच बसली होती. हातपिशवीतून चष्मा काढून मान वर केली, तर शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर कपबशी होती. पांढरी, हिरव्या काठाची, पोटावर लांबट गोलात 'रेहोबोथ' असं नाव. चहा भरलेला होता आणि त्यातून वाफ निघत होती.

"अहो, आत खायला-प्यायला बंदी आहे हं," काउंटरमागून नाझिया ओरडली. "पाटी वाचली नाही का?"

"माझा नाहीये हा!"

"मग तुमच्या शेजारी काय करतोय?"

बेरिलला एकदम उलगडा झाला. पॉगसन! स्थानिक इतिहास मंडळाचा अध्यक्ष डेरेक पॉगसन गावभर फिरून चॅपलची जुनी भांडी गोळा करत होता. असले पोरकट खेळ त्यालाच सुचायचे. तिने चहा कुंडीतल्या प्लास्टिकच्या झाडाला घातला, कपबशी हातरुमालात गुंडाळून पिशवीत टाकली आणि त्या मेल्याला काय काय सुनवायचं याची उजळणी करत बसली.

२

दुसऱ्या दिवशी पॉगसन आपणहून तिच्या स्वयंपाकघरात हजर झाला. हातात रेहोबोथच्या इतिहासाच्या पुस्तिकेची छापून आलेली कच्ची पानं होती. पुस्तिका बेरिलने लिहिली होती. दोन वर्षं खपून लिहिली होती आणि आता तिला तिचा वीट आला होता.

तसा इतिहास म्हणण्यासारखा होता काय, तर भांडणं. इंग्लंडात चर्चवाले वेगळे आणि चॅपलवाले वेगळे. चर्चला बिशप असतो, तो सांगेल ते खरं. चॅपलला बिशप नाही, कोणी नाही. सभासद सभेत हात वर करतील ते खरं. त्यामुळे दीडशे वर्षांत रेहोबोथमध्ये हात न वर करता खिडकीचं तावदानसुद्धा बदललं गेलं नाही. पेटी वाजवावी की नुसत्या गळ्यावर गावं यावरून १८६४ साली निम्मे लोक रुसून गेले आणि त्यांनी समोरच्या गल्लीत दुसरं चॅपल काढलं. बाकीच्यांनी पेटीवर हिरवं कापड घालायचं की तपकिरी, यावर तीन सभा घेतल्या.

"हा घे तुझा कप," बेरिलने रुमाल सोडला. "आणि पुन्हा असला चावटपणा केलास तर पुस्तिकेवरचं माझं नाव काढून टाकीन."

पॉगसनने कप उचलला, उजेडात धरला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "बेरिल! हा तुला कुठे मिळाला?"

"सोंग पुरे."

"अगं, सोंग कसलं? माझ्याकडे आहेत ते साधे. याला बघ, हिरव्या काठाच्या आत सोनेरी रेघ आहे. हा अध्यक्षांचा कप आहे!"

बेरिलने कप त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. रेघ होती. "असतील दोन-चार तसले."

"एकच होता. आणि तो फुटला. तूच लिहिलंयस की, पान चौतीस." त्याने पानं उलटून तिच्या नाकासमोर धरली. "हे बघ. 'शेवटच्या सभेच्या चहाच्या वेळी अध्यक्ष एनॉक हेपवर्थ यांच्या हातून तो पडून फुटला.'"

स्वतःच लिहिलेलं वाक्य दुसऱ्याने तोंडावर फेकावं यासारखा वैताग नाही. त्या कपाचे तुकडे बेरिलने स्वतः सुपलीत भरले होते. सात तुकडे आणि कान वेगळा. ते तिने स्वतः कचऱ्याच्या डब्यात टाकले होते.

"बरं, शेवटचं पान राहिलंय," पॉगसन म्हणाला. "एक ओळ फक्त. 'सोळा विरुद्ध पंधरा मतांनी चॅपल बंद करण्याचा ठराव मंजूर झाला.' असंच ना? तुझ्या इतिवृत्ताच्या वहीत तसंच आहे."

"वहीत तसंच आहे," बेरिल म्हणाली.

"मग लिही ना बाई. एडिथ साइक्सला दाखवायचं होतं मला. पण तिला मागच्या आठवड्यातच पोचवून आलो आपण. त्या सभेला हजर असलेल्या एकतिसांपैकी आता तू एकटीच उरलीस."

३

आता ती शेवटची सभा.

१९७१ सालचा मार्च, शनिवारची दुपार. विषय एकच होता. छप्पर कुजलं आहे, चॅपल बंद करावं की नाही. हजर सभासद एकतीस. बेरिल तेव्हा तेहतीस वर्षांची होती आणि अकरा वर्षं चिटणीस होती. तीनदा तिने राजीनामा दिला आणि तिन्ही वेळा सभेने हात वर करून तो नामंजूर केला. "चॅपल चालू आहे तोवर चिटणीस तूच, पोरी," एनॉक हेपवर्थ मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचे. दर रविवारी छपरातून पाणी गळायचं आणि बेरिलची आई, एडा ओल्डरॉइड, प्रार्थना चालू असताना पायाचा आवाज न करता बादल्या सरकवत फिरायची. त्या बादल्यांतलं टप टप ऐकत बेरिल दर आठवड्याला छपराच्या समितीचं इतिवृत्त लिहायची. तिला त्या छपराचा, त्या समितीचा, त्या हिरव्या कपांचा मनापासून कंटाळा आला होता. एखाद्या रविवारी उशिरापर्यंत अंथरुणात लोळावं, एवढीच तिची इच्छा होती.

हात वर झाले. बंद करावं, पंधरा. चालू ठेवावं, पंधरा. त्या दुसऱ्या पंधरांत पहिला हात आईचा होता, करड्या हातमोज्यातला. चिटणिसाने मत द्यायचं ते फक्त मतं समसमान झाली तरच, असा रिवाज. सगळे बेरिलकडे बघायला लागले.

"पोरीला विचार करू द्या," एनॉक म्हणाले. "सभा चहासाठी तहकूब. सव्वाचारला पुन्हा बसू."

पुन्हा कोणी बसलं नाही. चहाच्या टेबलाशी एनॉक कप हातात असतानाच कोसळले. कोणी रुग्णवाहिकेबरोबर गेलं, कोणी त्यांच्या बायकोला सांगायला धावलं, कोणी रडत घरी गेलं. जे गेले त्यांना वाटलं, राहिलेल्यांनी ठरवलं असेल. जे थोडे राहिले होते त्यांना वाटलं, इतर परत येतील तेव्हा बघू. शेवटी चॅपलमध्ये दोघीच उरल्या. बेरिल तुकडे गोळा करत होती आणि आई कप विसळत होती.

सोमवारी चॅपलांच्या जिल्हा संघाच्या कार्यालयातून फोन आला, काय ठरलं? बेरिल म्हणाली, "बंद. एका मताने." आणि तसं वहीत लिहून टाकलं.

रेहोबोथमध्ये लिहिलं म्हणून कुठलंही इतिवृत्त खरं ठरत नसे. ते पुढच्या सभेत मोठ्याने वाचायचं, सभासदांनी 'बरोबर' म्हणायचं, अध्यक्षांनी सही करायची. तेव्हा ते कायम व्हायचं. इथे पुढची सभाच झाली नाही. ऑगस्टमध्ये चॅपल पाडायला यंत्रं आली.

सभा पुन्हा बसली नव्हती हे पक्कं ठाऊक असलेली दुसरी बाई एकच होती, आणि ती एक अक्षर बोलली नाही. आई दुसऱ्या कुठल्याच चॅपलमध्ये गेली नाही. दर रविवारी साडेदहाला ती हॅट घालून, हातमोजे चढवून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायची आणि बाराला उठून हॅट काढायची. बेरिल वर अंथरुणात पडून ते ऐकायची. अशी दोन वर्षं गेली आणि मग आई गेली. एकदा तिने आरडाओरडा केला असता तरी बेरिलला बरं वाटलं असतं.

४

पुढच्या गुरुवारी बेरिल चारला दहा कमी असताना पोचली. आरोग्य केंद्र भरलेलं होतं. शेवटच्या रांगेत एकच खुर्ची मोकळी होती. बसता बसता तिला लाकूड करकरल्याचा आवाज आला. प्लास्टिक असं करकरत नाही. पण हल्ली माल इतका हलका येतो, की काय सांगावं.

मग वास आला, ओल्या लोकरी कोटांचा आणि डांबराच्या गोळ्यांचा. बाहेर ऊन होतं. असेल कोणी म्हातारं, कपाटातून कोट काढून आलेलं. आपणही म्हाताऱ्याच की. औषधाच्या डब्यावरच्या चिठ्ठीत चक्कर, मळमळ, भास अशी यादी असते, नर्सला विचारायला हवं. कपाचं म्हणाल तर पॉगसनने नवा बनवून घेतला असणार. हल्ली काहीही बनवून मिळतं.

हे सगळं तिला पटत आलं होतं. आणि मग तिच्या लक्षात आलं की कोणी कोणाशी बोलत नाहीये. तेही एक वेळ चाललं असतं. पण आरोग्य केंद्रात माणसं कशी बसतात? कोणी खिडकीकडे, कोणी फोनमध्ये डोकं घालून, कोणी पोराच्या मागे. इथे सगळ्यांची तोंडं पत्रकांच्या स्टँडकडे होती. पाठी ताठ, हात मांडीवर. बायकांच्या डोक्यांवर हॅट होत्या.

खोड म्हणून तिने मोजलं. अकरा वर्षांची सवय. तीस.

तिसऱ्या रांगेत कडेला एक गडद हिरवी हॅट होती. तिला मागून मोत्याच्या डोक्याची पिन टोचलेली होती. ती पिन बेरिलने बाराव्या वर्षी आईच्या वाढदिवसाला दिली होती आणि शवपेटी बंद करण्यापूर्वी स्वतःच्या हाताने त्या हॅटमध्ये खोचली होती.

पुढून कोणीतरी घसा साफ केला. बोलायला उभं राहण्यापूर्वी एनॉक हेपवर्थ करायचे तसा, दोनदा.

"मिस ओल्डरॉइड?" नाझिया तिच्या खांद्याला हात लावून उभी होती. "बरं वाटत नाहीये का? पांढऱ्याफटक पडलात."

समोर चार माणसं होती. एक बाई बाळाला खेळवत होती. "आज केवढी गर्दी होती," बेरिल म्हणाली.

"गर्दी कुठली? यादीत पाच नावं आहेत, तुमच्यासकट." मग नाझिया जरा घुटमळली. "पण एक विचारू? तुमच्या त्या चॅपलची काही सभा-बिभा आहे का इथे? सकाळपासून तीनदा फोन आला. एक म्हातारे गृहस्थ. म्हणे, चिटणीस आल्या का?"

५

"छपाई थांबव," बेरिलने घरी येऊन पॉगसनला फोन केला.

"काय बोलतेस! उद्या सकाळी कागद यंत्रावर चढतोय."

"शेवटची ओळ चुकीची आहे."

"मग बरोबर ओळ सांग. सोळा-पंधरा नाही, तर किती?"

बेरिलने फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"बेरिल, अगं, कोण येणार आहे हरकत घ्यायला? तीसच्या तीस जण वर गेलेत!"

"तेच तर म्हणतेय मी," बेरिल खेकसली. "आता सगळे जमलेत." आणि तिने फोन आपटला.

आठवडाभर तिने स्वतःला बजावलं, की तपासणी टपालानेही होते, दुसऱ्या गावातही होते. अडतीस वर्षांपूर्वीच्या सभेचं एवढं काय घेऊन बसायचं? छप्पर कुजलं होतंच. आपण एक म्हटलं काय आणि दुसरं म्हटलं काय, ते पडणारच होतं. हे सगळं खरं होतं. पण तिने डोळे मिटले की तिला खालच्या स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. साडेदहाला एकदा आणि बाराला एकदा.

गुरुवारी तिने माळ्यावरून इतिवृत्ताची वही काढली, धूळ झटकली आणि शिव्या घालत बस पकडली.

६

दार सरकलं. छत्री अडकली नाही. नाझिया काउंटरवर होती, पण काचेमागे कुठेतरी दूर असल्यासारखी, तिचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते.

खोली भरलेली होती. बेरिल मधल्या वाटेने पुढे गेली. दोन्ही बाजूंना गुडघे आत घेतल्याची, कोट आवरल्याची सळसळ झाली. तिने कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. स्टँडपाशी जाऊन ती वळली आणि वहीत डोकं घातलं. चिटणिसाने वाचताना वर बघायचं नसतं. त्या रिवाजाचं तिला आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

"मागील सभेचं इतिवृत्त," ती म्हणाली. तिचा आवाज वर जाऊन उंच छताला लागून परत आला. आरोग्य केंद्राचं छत इतकं उंच नव्हतं.

तिने तारीख वाचली. हजर सभासद वाचले. चहाची तहकुबी वाचली. मग ती ओळ आली आणि तिने तीही वाचली. "सोळा विरुद्ध पंधरा मतांनी ठराव मंजूर."

'बरोबर' कोणी म्हणालं नाही. कुठेतरी एक बाक करकरला. ते वाट बघत राहिले. या माणसांना वाट बघता यायची, पेटीच्या कापडासाठी त्यांचे पूर्वज तीन सभा थांबले होते.

"बरं, बरं!" बेरिल म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही तिला राग येत होता. "खोटं आहे हे. मी मत दिलंच नव्हतं. मला कंटाळा आला होता, म्हणून मी लिहून टाकलं. झालं समाधान?" तिने पेन काढलं, ओळ खोडली, शेजारी सही केली.

"बरोबर," खोली म्हणाली. सगळी एकदम, हळू आवाजात.

तिच्या मागून, वरून, कोणीतरी दोनदा घसा साफ केला. "चिटणिसांचं मत राहिलं आहे."

आता वर बघावंच लागणार होतं. तिने हात तेवढे पाहिले. हातांच्या खाली पाहिलं नाही. चालू ठेवावं म्हणणारे पंधरा हात वर होते आणि तिसऱ्या रांगेत कडेला करडा हातमोजा होता. तो थरथरत होता. इतका वेळ वर धरून हाताला रग लागली होती.

एक शब्द, आणि सगळं संपलं असतं. 'बंद.' हे उठले असते, कोट चढवून निघून गेले असते, आणि तिला घरी जाऊन चहा घेता आला असता. या वेळी ते खरंही ठरलं असतं.

"आई, हात खाली घे," बेरिल म्हणाली. "दुखेल." आणि तिने आपला हात वर केला, त्या हाताबरोबर.

"पंधरा विरुद्ध सोळा. ठराव नामंजूर," मागचा आवाज म्हणाला. "रेहोबोथ चालू राहील. चिटणीस त्याच."

करडा हातमोजा खाली गेला. त्याच हाताने तपकिरी कोटाची कड गोळा केली आणि बाकावर एका माणसापुरती जागा झाली. बेरिल त्या जागेकडे बघत राहिली. अडतीस वर्षांत तिच्यासाठी कोणी असं सरकलं नव्हतं. ती गेली आणि बसली. खाली लाकूड होतं. पाठीला अगदी बरोबर बसणारं, गार.

"मिस ओल्डरॉइड?" नर्सची हाक आली. मग पुन्हा, जरा घाईने. "बेरिल ओल्डरॉइड! नाझिया, अगं इकडे ये, लवकर." काउंटरमागची खुर्ची सरकली, कोणीतरी धावलं. 'आले' म्हणावं असं तिच्या मनात आलं. पण अध्यक्ष उभे होते, आणि अध्यक्ष उभे असताना सभेतून उठायचं नसतं. तिसरी हाक तर रस्त्यापलीकडून आल्यासारखी वाटली.

"विषय दुसरा," अध्यक्ष म्हणाले. "छप्पर."

बेरिलने सुस्कारा सोडला, वही मांडीवर उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. वरून एक थेंब कोऱ्या पानावर पडला. शेजारून, पायाचा आवाज न करता, कोणीतरी बादली पुढे सरकवली.